पत्ता उजवीकडून वाचावा

पेढीवर टपाल आले की जुने मुनीमजी पाकीट फोडण्याआधी ते उलटून पाहत. पाठवणाऱ्याचे नाव, गल्ली, पेठ, गाव; शिक्का कोणत्या टपाल कचेरीचा; आत हुंडी असेल तर सही कोणत्या घराची. अक्षर वळणदार आहे की गिचमिड, कागद भारी आहे की हलका, याला ते फारसे महत्त्व देत नसत. पैसे द्यायचे ते घराच्या नावावर, अक्षराच्या वळणावर नव्हे, ही त्यांची शिस्त होती. आज तेच टपाल मोबाइलच्या पडद्यावर येते. निळ्या अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसते, तिच्यावर बोट पडते आणि पान उघडते. पान देखणे असते, बोधचिन्ह ओळखीचे असते. ती ओळ वाचून पाहणारा मात्र घरात सहसा कोणी नसतो.

एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंसाठी एक जाहीर इशारा दिला. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधाम यात्रेतील निवास, तीर्थक्षेत्रांतील अतिथिगृहे यांची हुबेहूब खोटी संकेतस्थळे उभारून आगाऊ पैसे उकळले जात असल्याचे त्यात म्हटले होते. यात्रेकरू पैसे भरतो, पावतीही मिळते आणि पुढे दिलेल्या क्रमांकावर कोणी फोन उचलत नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण फक्त एकाच पत्त्यावर होते, असे सांगून तो पत्ताही इशाऱ्यात दिला होता : हेलियात्रा.आयआरसीटीसी.को.इन. (पडद्यावर हे पत्ते रोमन लिपीत दिसतात, येथे ते देवनागरीत लिहिले आहेत. ठिपके, रेघा आणि चिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.)

हा पत्ता पाठ करून ठेवणे हा एक उपाय झाला. पण यात्रेचे स्थळ बदलले, बँक बदलली, करभरणा करायचा झाला, की पत्ताही बदलतो. माणूस किती पत्ते पाठ करणार? त्यापेक्षा पत्त्याची घडण समजून घेतली तर न पाठ केलेला पत्ताही पारखता येतो. ही घडण अवघड नाही. तिच्यात एकच जागा फसवी आहे.

मुळात यंत्रांना नावे लागत नाहीत. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत तो 0 ते 255 मधील चार आकड्यांनी लिहिला जातो. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अमेरिकेतील अर्पानेट जाळ्यात कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे याची एकच यादी असे आणि ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालील मंडळी ती सांभाळत. नवे यंत्र जोडायचे तर कचेरीच्या वेळात त्यांना कळवावे लागे आणि मग सर्वांनी नवी यादी उतरवून घ्यायची. साऱ्या बाजारपेठेची खाती एकाच वहीत लिहावीत, तसाच हा प्रकार होता. यंत्रे वाढली तशी वही अपुरी पडू लागली.

1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी या वहीचे विभाजन सुचवले. सर्वांत वर काही मोजकी खाती, प्रत्येक खात्याखाली त्याची पोटखाती आणि प्रत्येकाने फक्त आपल्या पोटखात्यांची नोंद ठेवायची. यालाच डोमेन नेम सिस्टिम म्हणतात. व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी ईडीयू, अमेरिकी सरकारसाठी गव्ह, संस्थांसाठी ऑर्ग अशी वरची खाती ठरली आणि देशांना दोन अक्षरे मिळाली. भारताचे इन, स्वित्झर्लंडचे सीएच. 15 मार्च 1985 रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने कॉममधले पहिले नाव नोंदवले. भारताच्या इन खात्याचा कारभार 2005 पासून नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते.

आता हेलिकॉप्टरच्या पत्त्याकडे वळावे. ब्राउझरला हेलियात्रा.आयआरसीटीसी.को.इन हे नाव दिले की विचारपूस शेवटच्या शब्दापासून सुरू होते. आधी सर्वांत वरच्या खात्याला विचारले जाते, इन कोण सांभाळते? इनवाल्यांना विचारले जाते, को.इनमधील आयआरसीटीसी कोणाची? आणि मग आयआरसीटीसीच्या वहीत पाहिले जाते की हेलियात्रा कोणत्या यंत्रावर आहे. म्हणजे हेलियात्रा हा शब्द पत्त्यात पहिला दिसत असला, तरी अधिकाराच्या उतरंडीत तो शेवटचा आहे. तो आयआरसीटीसीने आपल्या घरात काढलेल्या खोलीचा फलक आहे. घराची मालकी आयआरसीटीसी.को.इन या भागात आहे.

आपल्याला हे अनोळखी वाटायला नको. पाकिटावरही आपण आधी माणसाचे नाव लिहितो, मग दुकान, पेठ, गाव, जिल्हा, राज्य. लहानाकडून मोठ्याकडे. टपाल खाते मात्र पाकिटाची वर्गवारी उलट्या टोकाकडून करते : आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. वेबपत्त्याचा हा भाग तंतोतंत तसाच आहे. लिहायचा डावीकडून, पारखायचा उजवीकडून.

पण संपूर्ण वेबपत्ता यावर थांबत नाही. 1989 ते 1991 या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब उभारले. त्यांचे पहिले संकेतस्थळ इन्फो.सर्न.सीएच या पत्त्यावर होते. माहिती, सर्न, स्वित्झर्लंड अशी त्याची फोड. एखाद्या यंत्रावरचे नेमके पान कोणते, हेही पत्त्यात यायला हवे होते. म्हणून यंत्राच्या नावापुढे एक तिरकी रेघ देऊन त्यापुढे कपाटाचे, खणाचे आणि कागदाचे नाव लिहायची पद्धत त्यांनी घेतली. एक उदाहरण मांडून पाहू :

एचटीटीपीएस://दुकान.एक्झाम्पल.कॉम/साडी/पैठणी?रंग=हिरवा#किंमत

यातील एक्झाम्पल.कॉम हे नाव केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे आणि ते कोणालाही विकत मिळत नाही, म्हणून येथे निर्धास्तपणे वापरता येते. सुरुवातीचे एचटीटीपीएस म्हणजे कोणत्या रीतीने बोलायचे तो करार. शेवटच्या एसचा अर्थ, बोलणे बंद पाकिटातून होईल. मग अपूर्णविराम आणि दोन तिरक्या रेघा. या दोन रेघांची खरे तर गरजच नव्हती, असे बर्नर्स-ली यांनी 2009 साली मोकळेपणाने सांगितले. त्या लिहिण्यात जगाची किती शाई, कागद आणि वेळ गेला असेल कोण जाणे! त्यानंतर दुकान.एक्झाम्पल.कॉम हे घर. पुढे साडी हे कपाट आणि पैठणी हा खण. प्रश्नचिन्हापुढे दुकानदाराला केलेली विचारणा, की हिरव्या रंगाची दाखवा. हॅशच्या चिन्हापुढे त्याच पानावरील ओळ, जेथे किंमत आहे. घराच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा भेद नसतो. कपाटाच्या आणि खणाच्या नावांत तो असू शकतो. म्हणून कोणी पाठवलेला लांब पत्ता हाताने उतरवताना मोठ्या लिपीतले अक्षर मोठेच ठेवावे.

फसवी जागा येथेच आहे. घराचे नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते आणि पहिली एकेरी तिरकी रेघ ओलांडली की दिशा उलटते. आधी मोठे कपाट, मग लहान खण. एकाच ओळीत दोन विरुद्ध दिशा. पुढे बर्नर्स-ली यांनीच म्हटले आहे की पुन्हा संधी मिळाली तर आपण सगळा पत्ता एकाच दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे लिहू. म्हणजे कॉम आधी, मग कंपनी, मग पान. तसे झाले असते तर खोटी संकेतस्थळे बनवणाऱ्यांचे काम बरेच अवघड झाले असते. पण कोट्यवधी पत्ते जुन्या रीतीने लिहून झाले होते आणि चालू वही मध्येच फाडता येत नाही.

तेव्हा पारख अशी करायची. दोन तिरक्या रेघांनंतरची पहिली एकेरी रेघ शोधायची. ती नसेल तर पत्त्याचे टोक, किंवा प्रश्नचिन्ह वा हॅश आधी आले तर ते. तेथे बोट ठेवायचे आणि डावीकडे सरकत वाचायचे. शेवटचा शब्द आणि त्याच्या डावीकडचा एक शब्द मिळून मालकाचे नाव होते. शेवटी को.इन, गव्ह.इन, बँक.इन अशी जोडी असेल तर तिच्या डावीकडचा आणखी एक शब्द घ्यायचा. त्याच्याही डावीकडे जे काही आहे ते मालकाने स्वतः ठेवलेले नाव आहे. ते त्याला हवे ते ठेवता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

या शेवटच्या वाक्यातच सारी फसवणूक दडलेली आहे. हेलियात्रा.आयआरसीटीसी.को.इन.एक्झाम्पल.कॉम असा पत्ता पाहिला तर घाईत डोळा पहिल्या चार शब्दांवर ठरतो आणि मन निश्चिंत होते. उजवीकडून वाचले की कळते, घर एक्झाम्पल.कॉमचे आहे, आयआरसीटीसी हे त्याने आपल्या एका खोलीच्या दारावर रंगवलेले अक्षर. एक्झाम्पल.कॉम/आयआरसीटीसी.को.इन असे असेल तर खरे नाव रेघेच्या पलीकडे, खणावर चिकटवलेले आहे. त्यालाही मोल नाही. तिसरा प्रकार अधिक बेरकी. आयआरसीटीसी.को.इन@एक्झाम्पल.कॉम यात ॲटच्या चिन्हाआधीचा मजकूर म्हणजे आत शिरणाऱ्याचे नाव, असे नियम सांगतो. घर चिन्हानंतर सुरू होते. आणि संयोगचिन्ह, म्हणजे दोन शब्दांमधली छोटी आडवी रेघ, ही ठिपका नव्हे. ठिपका खाते आणि पोटखाते वेगळे करतो. आडवी रेघ काहीच वेगळे करत नाही. ओळखीच्या नावाला आडव्या रेघेने ‘बुकिंग’ किंवा ‘केवायसी’ असा शब्द जोडला की ते पूर्णपणे नवे नाव होते आणि जो आधी नोंदवील त्याला ते काही शे रुपयांत मिळते.

हाच नियम ई-मेललाही लागू आहे आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तेथे जोखीम अधिक मोठी. माल देणाऱ्या कारखान्याकडून मेल येते, की आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी. नाव ओळखीचे, सोबत बिलही खऱ्यासारखे. ॲटच्या चिन्हानंतरचा भाग उजवीकडून वाचला तर एखादे अक्षर जास्त आढळते किंवा इनच्या जागी कॉम दिसते. कित्येकदा पत्ता अगदी खराही असतो, कारण चोर कारखान्याच्या मेलपेटीतच शिरलेला असतो. म्हणून खाते बदलाचा निरोप आला की जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पत्त्याची पारख येथे पहिली चाळणी आहे, शेवटची नाही.

कुलपाच्या चित्राविषयीही बराच गैरसमज आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ सुरक्षित, असे पुष्कळांना शिकवले गेले. बँकांनीही एके काळी ग्राहकांना हेच सांगितले, हे मान्य करायला हवे. वास्तविक कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचे आणि समोरच्याचे बोलणे वाटेत कोणाला वाचता येणार नाही. समोरचा कोण आणि त्याचा हेतू काय, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या दुकानालाही ते लागते आणि फुकट मिळते. हा गैरसमज इतका पसरला की गूगलने 2023 साली आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते कुलूपच काढून टाकले आणि त्या जागी साधे चिन्ह ठेवले.

बँकांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी बँक.इन हे स्वतंत्र खाते जाहीर केले आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे त्यात न्यावीत असे कळवले. त्यातील नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेमार्फत आणि फक्त बँकांनाच मिळतात. म्हणजे पहिल्या एकेरी रेघेच्या लगेच आधी बँक.इन हे शब्द आले तर आत बँकच आहे, एवढी खात्री धरता येते. पण पुन्हा तीच अट : ते शब्द घराच्या नावाच्या उजव्या टोकाला हवेत. त्यापुढे आणखी ठिपका देऊन काही जोडलेले असेल तर सोय संपली. सरकारी कामांसाठी गव्ह.इनचे तसेच आहे. जीएसटी भरायचे ते जीएसटी.गव्ह.इन या घरात.

उरतो अक्षरांचा प्रश्न. मारवाडी मुडिया लिपीत मात्रा लिहीत नसत, त्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ हा निरोप ‘काकाजी आज मर गये’ असा वाचला गेला आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वेबपत्त्यातही असेच घडते. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी लिहिले की ते एमसारखे दिसतात, लहान एल आणि आकडा 1 जुळे भाऊ वाटतात. त्याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांसारखीच दिसतात, पण यंत्रासाठी ती निराळी असतात. 2017 साली एका संशोधकाने अशा अक्षरांनी ॲपलचे नाव लिहून, त्या वेळच्या काही ब्राउझरांत ते खऱ्यासारखेच दिसते, हे दाखवून दिले. त्यानंतर ब्राउझरांनी बंदोबस्त केला. नाव संशयास्पद वाटले तर ते आता एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य रूपात दाखवतात. असा पत्ता इंग्रजी नावाच्या कंपनीसाठी दिसला तर मागे फिरावे. मात्र एक्सएन दिसले म्हणजे चोरी, असेही नाही. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ हे खाते उपलब्ध आहे, त्यात मराठी नावे नोंदवता येतात आणि यंत्रासाठी तीही याच रूपात साठवली जातात.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता पूर्ण दिसत नाही, ही खरी अडचण आहे. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो शेवटपर्यंत सरकवून पाहावा. क्यूआर कोड आणि लहान केलेल्या लिंक यांत तर घर दिसतच नाही. उघडल्यावर जो पत्ता येतो तो वाचल्याशिवाय एकही आकडा भरू नये. आणि चूक झालीच, पैसे गेलेच, तर संकोच करत बसू नये. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा किंवा सायबरक्राइम.गव्ह.इन येथे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच काही हाती लागते. घरच्यांना कसे सांगावे या विचारात गेलेला तास बहुधा महागात पडतो.

दुसऱ्यांचे पत्ते पारखताना स्वतःच्या पेढीच्या पत्त्याकडेही एकदा पाहावे. संकेतस्थळाचे नाव ही मिळकत आहे, हे न्यायालयांनी केव्हाच मान्य केले आहे. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या नावाशी एका स्वराने वेगळे असलेले ‘रॅडिफ’ हे नाव वापरणाऱ्याला मनाई केली. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावासंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले की डोमेन नाव हे केवळ यंत्राचा पत्ता नसून व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळण्यास पात्र आहे.

तरीही ही मिळकत कायमची विकत मिळत नाही. ती भाडेपट्ट्यासारखी ठरावीक वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून पासपोर्ट.कॉम या नावाचे 35 डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना आपल्या मेलपेटीत शिरता येईना. शेवटी कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका संगणकतज्ज्ञाने आपल्या खिशातून ते पैसे भरून नाव सुरू करून दिले. सगळ्यांच्या नशिबी असा सज्जन येत नाही. सुटलेली नावे टिपून घेणारे व्यापारीही या बाजारात टपलेले असतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सर्रास घडते. पेढीचे संकेतस्थळ भाच्याच्या मित्राने किंवा एखाद्या होतकरू मुलाने बनवून दिलेले असते आणि नाव नोंदवताना त्याने स्वतःचे नाव, स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा फोन दिलेला असतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, फॉर्म भरताना तेच हाताशी होते. पुढे तो परदेशी जातो, त्याची मेल बंद पडते, नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहतात. आजोबांच्या नावाने चाललेली पेढी आणि तिच्या फलकावर छापलेला वेबपत्ता भलत्याच माणसाच्या खाती! नोंदणी पेढीच्या नावावर आहे का, पासवर्ड कोणाकडे आहे, मुदत कोणत्या महिन्यात संपते, हे तीन तपशील दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत लिहून ठेवता येतील. भावाभावांत पेढीची वाटणी होत असेल तर गोदाम, गाळा आणि व्यापारचिन्ह यांच्यासोबत वाटणीपत्रात या नावाचीही एक ओळ असावी.